अनोळखी कोडमध्ये सहज फिरता यावं म्हणून व्हीएस कोड कसा लावून घ्यावा

नव्या प्रोजेक्टमध्ये सुरुवातीला लिहिण्यापेक्षा वाचण्यातच जास्त वेळ जातो. हे फंक्शन कुठे लिहिलंय, त्याला कोण कॉल करतं, ही व्हॅल्यू कुठे बदलते? अशा प्रश्नांची उत्तरं एडिटरकडून चुटकीसरशी मिळायला हवीत. व्हीएस कोड हा कोड एडिटर ती देतो, पण आधी त्याला प्रोजेक्ट कळावा लागतो. थीम आणि फाँट निवडण्यात वेळ जातो आणि नेमकं हेच राहून जातं.

१. अख्खं फोल्डर उघडा. सुटी फाइल नको. ‘ओपन फोल्डर’ने प्रोजेक्टचं सगळ्यात वरचं फोल्डर उघडा. लेखकांवर विश्वास आहे का, असं विचारलं जाईल. कोड खात्रीच्या ठिकाणचा असेल तरच हो म्हणा. नाही म्हटलंत तरी वाचता येतं, फक्त काही एक्स्टेन्शन्स बंद राहतात.

२. भाषेचं एक्स्टेन्शन टाका. जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टची सोय आतच असते. पायथन, जावा, गो, रस्ट, सी++ यांच्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन लागतं. यातली बरीचशी एक्स्टेन्शन्स मागे लँग्वेज सर्व्हर, म्हणजे कोड समजून घेऊन एडिटरला उत्तरं देणारा वेगळा प्रोग्रॅम, चालवतात. एडिटरने त्याच्याशी कसं बोलायचं याचा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये खुला केला, म्हणूनच तोच सर्व्हर निओव्हिम किंवा ईमॅक्ससारख्या दुसऱ्या एडिटरमध्येही चालतो.

३. प्रोजेक्ट कसा बिल्ड होतो ते सर्व्हरला कळू द्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पायथनमध्ये खालच्या पट्टीवरून योग्य इंटरप्रीटर निवडा, म्हणजे ज्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये लायब्ररी इन्स्टॉल केल्यात तोच. सी++ साठी क्लँगडी हा लँग्वेज सर्व्हर वापरत असाल, तर त्याला कंपाइल कमांड्सची जेसन फाइल हवी, म्हणजे कुठली फाइल कशी कंपाइल होते त्याची यादी. सीमेक या बिल्डच्या साधनात ‘एक्स्पोर्ट कंपाइल कमांड्स’ हा पर्याय चालू केला की मेकफाइल किंवा निंजा वापरताना ती बिल्ड फोल्डरमध्ये तयार होते. ती नसेल तर हेडर सापडत नाहीत आणि चांगल्या कोडखालीही लाल रेघा उमटतात.

जमलंय का, हे पाहायला बाहेरच्या लायब्ररीतल्या एखाद्या फंक्शनवर कर्सर ठेवून एफ12 दाबा. लायब्ररीची फाइल उघडली की सेटअप झाला. नाही उघडली, तर पुढे जाऊ नका. आधी हेच दुरुस्त करा.

४. शोधातला कचरा काढा. गिटइग्नोरमधल्या, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या, फाइल्स शोधातून आपोआप वगळल्या जातात. तरीही जनरेट केलेला कोड किंवा टेस्टचा अवाढव्य डेटा मध्ये येत असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘सर्च एक्स्क्लूड’ शोधून ती फोल्डर्स तिथे टाका.

५. मोजक्या कीज हाताला बसवा. कंट्रोल-पी (मॅकवर कमांड-पी) दाबून नावातली दोन-चार अक्षरं टाइप केली की फाइल सापडते. तिथेच ॲट चिन्ह टाकलं तर चालू फाइलमधली फंक्शन्स दिसतात, हॅश टाकलं तर अख्ख्या प्रोजेक्टमधली. एफ12 डेफिनिशनवर नेतं, शिफ्ट-एफ12 वापर दाखवतं. आणि परत येण्याची की पाठच हवी: विंडोजवर ऑल्ट-डावा बाण, मॅकवर कंट्रोल-वजा, लिनक्सवर कंट्रोल-ऑल्ट-वजा. ती येत नसेल तर चार उड्यांनंतर आपण कुठून निघालो हेच आठवत नाही.

आता हे सगळं एकत्र वापरून पाहा. समजा स्क्रीनवर ‘फाइल सेव्ह झाली नाही’ असा एरर आलाय. कंट्रोल-शिफ्ट-एफ (मॅकवर कमांड-शिफ्ट-एफ) दाबून ते शब्द शोधा. एररच्या मजकुरात फाइलचं नाव किंवा आकडा असेल तर तो भाग सोडा, कारण तो चालू प्रोग्रॅममध्ये भरला जातो आणि कोडमध्ये तसाच्या तसा सापडत नाही. मेसेज ज्या फंक्शनमध्ये आहे त्याच्या नावावर शिफ्ट-एफ12 दाबा आणि कॉल करणाऱ्यांकडे एकेक पायरी वर सरका. साखळी लांब असेल तर शिफ्ट-ऑल्ट-एच दाबा, कॉल हायरार्की, म्हणजे कोण कोणाला कॉल करतं त्याची उतरंड, बाजूला उघडते. मात्र ती त्या भाषेच्या सर्व्हरने पुरवलेली असावी लागते. फंक्शनचं नाव स्ट्रिंगमधून बनवून कॉल केलेलं असेल तर हे वापर त्या यादीत येत नाहीत. तेव्हा पुन्हा साधा मजकूर-शोधच करा.