क्रूझवरील सुरक्षा सराव आणि बंदिस्त जागेची भीती : या चुका टाळा

मुंबईहून क्रूझवर निघणाऱ्या वडोदऱ्याच्या कुटुंबाची तयारी बहुधा कपडे, खाकरे आणि उलटीच्या गोळ्या इथवर येऊन थांबते. जहाजावर चढल्यावर काही तासांतच जो सुरक्षा सराव होतो, ज्याला तेथे 'मस्टर ड्रिल' म्हणतात, त्याचा विचार घरात कोणी केलेला नसतो. ज्यांना लिफ्टमध्ये, गर्दीत किंवा खिडकी नसलेल्या खोलीत घुसमटल्यासारखे होते, त्यांच्यासाठी मात्र संपूर्ण सहलीतील तोच सर्वांत अवघड अर्धा तास ठरू शकतो. अनोळखी सभागृह, खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे, कर्कश भोंगा, गळ्याशी येणारे लाइफ जॅकेट आणि त्यात जहाज सोडण्याची वेळ आली तर काय करावे याचे निवेदन, हे सगळे एकाच वेळी अंगावर येते. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहेत. परंतु त्यांतील बहुतेक उपाय घरून निघण्यापूर्वी करावयाचे आहेत.

सराव चुकवणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. कोणी केबिनमध्ये बसून राहतो, कोणी स्वच्छतागृहाचा आडोसा घेतो, तर कोणी घरच्यांना सांगतो की तुम्ही जा आणि मला नंतर सांगा. हा सराव प्रत्येक प्रवाशाला सक्तीचा का आहे, हे समजून घेतले पाहिजे. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीतील जील्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज खडकावर आपटले आणि 32 जणांचा मृत्यू झाला. त्या वेळच्या नियमानुसार प्रवासी चढल्यापासून 24 तासांच्या आत सराव घेतला तरी चालत असे, त्यामुळे त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 1 जानेवारी 2015 पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. कोण आले आणि कोण नाही याची नोंद कर्मचारी ठेवतात, गैरहजर प्रवाशाचा शोध घेतात, आणि जो ठाम नकार देतो त्याला जहाजावरून उतरवलेही जाऊ शकते.

नियमापेक्षाही महत्त्वाचे कारण भीतीच्या स्वभावात आहे. सराव चुकवल्यावर क्षणभर जे हायसे वाटते, त्यामुळेच भीती बळावते, कारण 'पळालो म्हणून वाचलो' अशी मनाची खात्री पटते. मग उरलेले दिवस प्रत्येक अरुंद मार्गिकेत तीच धडधड सुरू होते. बंदिस्त जागेची भीती असलेल्या माणसाला मुळात हवी असते ती एकच माहिती, ती म्हणजे बाहेर पडण्याची वाट कुठे आहे; आणि संपूर्ण जहाजावर ती इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा कार्यक्रम नाही. जहाजावरील अग्निरोधक दारे आपोआप बंद होताना पाहून अनेकांना आपण कोंडले गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बाहेर पडण्याच्या मार्गावरील अशी दारे एकट्या माणसाला दोन्ही बाजूंनी हाताने उघडता येतील, अशीच नियमानुसार बनवलेली असतात. हे सरावाच्या वेळी विचारून घ्यावे, शक्य असल्यास एखादे दार उघडून दाखवण्याची विनंती करावी.

जहाजावर पोहोचल्यावर तयारीला लागणे

मनाला सवय लावायची असेल तर ती महिनाभर आधी आणि आपल्या गावातच लावावी. मानसोपचारात या भीतीसाठी पायरीपायरीने सामोरे जाण्याची पद्धत दीर्घकाळ वापरली जाते, आणि वडोदऱ्यात तिच्या पायऱ्या सहज सापडतात. पहिल्या आठवड्यात अलकापुरीतील एखाद्या बहुमजली इमारतीच्या लिफ्टने सोबत कोणीतरी घेऊन दोन मजले जावे, नंतर तेवढेच एकट्याने. मग सायंकाळच्या गर्दीत मांडवीच्या बाजारातून चालत जावे आणि जिथे सर्वांत दाटी असेल तिथे काही मिनिटे थांबावे. उंचीची भीती नसेल तर पावागडच्या रोपवेची केबिनही चांगली, कारण एकदा दार लागले की वर पोहोचेपर्यंत उतरता येत नाही, याचाच सराव आपल्याला हवा असतो.

इथेही एक चूक हमखास होते. भीती शिगेला पोहोचली की माणूस बाहेर पडतो आणि त्याला वाटते की आपण सराव केला. असे अर्धवट बाहेर पडणे म्हणजे पुन्हा चुकवणेच होय. घबराटीचा झटका बहुधा पहिल्या दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि मग ओसरू लागतो. तो ओसरताना आपण त्याच जागी असलो, तरच मनाला कळते की पळावे लागले नाही. त्यासाठी पायरी लहान निवडावी, पण ती पूर्ण करावी. ज्यांना लिफ्टची पहिली पायरीही जड जाते, त्यांनी सहलीचे पैसे भरण्याआधीच तज्ज्ञाची मदत घ्यावी. कारेलीबागेत शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, आणि 14416 हा 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास निःशुल्क उपलब्ध असतो.

भीती लपवून ठेवणे

'लोक काय म्हणतील' या संकोचापायी प्रवासी गप्प राहतात आणि नेमके सभागृहाच्या मधल्या रांगेत, दोन्ही बाजूंनी अडकलेल्या खुर्चीवर जाऊन बसतात. आरक्षण करतानाच कंपनीला लेखी कळवावे आणि दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, सराव सर्वांना एकत्र जमवून होतो की फोनवर किंवा केबिनमधील टीव्हीवर चित्रफीत पाहून मग प्रत्येकाने आपल्या वेळेनुसार ठरलेल्या जागी हजेरी लावायची असते? 2020 नंतर काही कंपन्यांनी ही दुसरी पद्धत आणली असून गर्दीची भीती असलेल्यांना ती फार सोयीची पडते. दुसरा, जमण्याची जागा उघड्या डेकवर आहे की आतल्या सभागृहात? केबिन निवडतानाही थोड्या पैशांच्या बचतीसाठी खिडकी नसलेली आतली केबिन घेऊ नये. रात्रभर घुसमटलेला माणूस दिवसाही शांत राहू शकत नाही.

जहाजावर चढताच केबिनच्या कार्डावर आपल्या मस्टर स्टेशनचे, म्हणजे जमण्याच्या ठरलेल्या जागेचे, अक्षर किंवा क्रमांक पाहावा आणि सरावाची वेळ होण्यापूर्वी, मार्गिका मोकळ्या असताना, केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने चालून यावे. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसतेच, ही या भीतीच्या माणसासाठी दिलाशाची गोष्ट आहे. तिथे पोहोचल्यावर दाराजवळची, कडेची जागा पाहून ठेवावी आणि कर्मचाऱ्याला शांतपणे सांगावे, "मला बंदिस्त जागेचा त्रास होतो, मी दारापाशी उभा राहिलो तर चालेल का?" एवढे एक वाक्य पुरते. भोंग्याचा इशाराही आधीच माहीत असावा : सात किंवा अधिक आखूड आवाज आणि त्यानंतर एक लांब. आवाज कसा येणार हे ठाऊक असले की दचकणे कमी होते. आणखी एक गैरसमज दूर करावा, तो म्हणजे आपल्याला लाइफबोटीत कोंबून बसवतील हा. प्रवाशांच्या नेहमीच्या सरावात तसे करत नाहीत. बोटी उतरवण्याचा सराव कर्मचाऱ्यांचा असतो.

लाइफ जॅकेट थेट गर्दीत चढवणे

काही जहाजांवर जॅकेटचे फक्त प्रात्यक्षिक दाखवतात, तर काहींवर ते प्रत्येकाला घालायला लावतात. फोमच्या जाड वड्यांचे ते जॅकेट डोक्यावरून घालताना क्षणभर डोळ्यांसमोर अंधार होतो, खाली आले की हनुवटी वर ढकलली जाते आणि कंबरेचा पट्टा आवळला की श्वास अडल्यासारखा वाटतो. दांडिया बाजारातील आमच्या परिचयाच्या एका काकूंनी यावर काढलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो. केबिनमध्ये पोहोचताच त्यांनी दार उघडे ठेवले, चष्मा काढला, पदर खोचला आणि आरशासमोर जॅकेट घातले. मुलगा मागून म्हणाला, "आई, पट्टा मी ओढू का?" त्या म्हणाल्या, "नको रे, मीच लावते आणि मीच काढते." बकल दाबून सोडवण्याची क्रिया त्यांनी बोटांना पाठ होईपर्यंत केली. सरावाच्या वेळी गळ्याशी घट्ट वाटले तेव्हा त्यांचा हात बकलवर होता आणि ते आपल्याला केव्हाही सोडवता येईल, हे त्यांना ठाऊक होते. घरी याची तयारी करायची तर कपड्यांनी भरलेली पाठपिशवी छातीवर अडकवून, पूर्ण बंद हेल्मेट घालून दहा मिनिटे बसून पाहावे.

श्वास, गोळ्या आणि रिकामे पोट

"दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला अर्धवट आहे. घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा ओढत असतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना, ओठांना मुंग्या येऊन गरगरते. मग ही लक्षणे पाहून तो आणखी घाबरतो. भर सोडण्यावर असावा. नाकाने चार आकडे श्वास घ्यावा, सहा आकडे सावकाश सोडावा, खांदे न उचलता. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही, तो करू नये.

शेजाऱ्याने दिलेली किंवा घरात उरलेली झोपेची अथवा चिंतेची गोळी त्या दिवशी पहिल्यांदा घेणे धोक्याचे आहे. ती आणि समुद्र लागू नये म्हणून घेतलेली गोळी, दोन्हींनी गुंगी येऊ शकते आणि गुंगीत सूचना डोक्यात शिरत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधही घरी आधी घेऊन, त्याचा परिणाम पाहून मगच सोबत न्यावे. गुजरातेत दारूबंदी असल्याने जहाजावर चढताच धीर येण्यासाठी एखादा पेला घेण्याचा मोह काहींना होतो. गोळीवर दारू तर मुळीच नको. रात्रीच्या गाडीने मुंबईला उतरून, न झोपता, नुसत्या चहावर जहाज गाठू नये. शक्य असल्यास आदल्या दिवशी पोहोचून रात्रभर झोप घ्यावी.

घरच्यांच्या चुका

"काही होत नाही, उगाच घाबरतेस" हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण त्यामुळे ती व्यक्ती एकटी पडते. चौघांनी घेरून उभे राहणे, वारा घालणे, सतत "बरं वाटतंय का?" विचारणे यांनीही कोंडी वाढते. एकाच माणसाने शेजारी उभे राहावे, दाराची बाजू मोकळी ठेवावी आणि हळू आवाजात श्वासाचे आकडे मोजावेत.

मात्र छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, थंड घाम अशी लक्षणे असतील, विशेषतः मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांमध्ये, तर ती घबराट आहे असे स्वतः ठरवू नये. कर्मचाऱ्याला सांगून लगेच जहाजावरील डॉक्टरांना बोलवावे. आणि घबराटीमुळे सरावातील सूचना कानांवरून गेल्या असतील तर त्याच सायंकाळी मदत कक्षाशी जाऊन आपले मस्टर स्टेशन, तिथे जाण्याच्या दोन वाटा आणि लहान मुलांची जॅकेट कुठे मिळतात, या तीन गोष्टी पुन्हा विचारून घ्याव्यात.