कठीण कवचाचे बी: आधी भिजवून बघा, मगच उकळते पाणी

बाभूळ, शिरीष, बहावा किंवा सुबाभूळ यांचे बी पिशवीत टोचून महिना झाला तरी उगवले नाही, म्हणून ते मेले असे धरू नका. बी जिवंत असते, कवच पाणी आत जाऊ देत नाही. रानात ऊन-पाऊस आणि जनावरांच्या पोटातले पाचकरस ते हळूहळू झिजवतात, म्हणून एकाच झाडाचे बी वर्षानुवर्षे थोडे थोडे उगवत राहते. झाडाला ते सोयीचे. रोपवाटिकेत मात्र सगळी रोपे एका वेळी, एका उंचीची हवी असतात.

पावसाळ्यातल्या लागवडीसाठी उन्हाळ्यात पिशव्या भरतानाच ही तयारी करा. भुंगेऱ्याने भोके पाडलेले बी वेचून टाका. मग मूठभर बी साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी बहुतेक बी टम्म फुगलेले दिसले तर पुढे काही करू नका. पाणी पिणाऱ्या बियांवर उकळते पाणी ओतले की ती शिजतात. ही चाचणी बरेच जण टाळतात, आणि नुकसान तिथेच होते.

फुगले नाही तर गरम पाणी. बियांच्या पाचपट तरी पाणी घ्या. उकळी आली की भांडे खाली उतरवा, मग बी टाका. चुलीवर पाणी उकळत असताना नको. पातळ कवचाचे बी असेल तर काही मिनिटे थांबून टाका. त्याच पाण्यात निवू द्या आणि एक दिवस ठेवा. फुगलेले बी काढून त्याच दिवशी पेरा, वाळवून ठेवू नका. उरलेल्याला पुन्हा एकदा तेच.

बी थोडे असेल तर नेलकटर किंवा पॉलिश पेपर सगळ्यांत भरवशाचा. शेंगेला चिकटलेल्या टोकाजवळ अंकुर असतो, म्हणून विरुद्ध बाजूला आतला फिका रंग दिसेपर्यंतच घासा.

तीव्र गंधकाम्लाने बहाव्यासारखे बी छान उगवते, पण माझ्या मते हे काम शेतावर करू नये. हातमोजे, चष्मा आणि मिनिटांचा हिशेब सांभाळणाऱ्या रोपवाटिकेतच ते शोभते. आम्लात पाणी कधीही ओतायचे नाही. आम्ल निथळून बी भरपूर पाण्यात टाकायचे आणि अनेकदा धुवायचे.

सागाचे प्रकरण वेगळे. त्याचे कठीण फळच पेरतात. रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असे आठवडा-दोन आठवडे चालवा. ताज्या फळापेक्षा वर्षभर ठेवलेले फळ चांगले उगवते. तरीही उगवण मागेपुढे होणारच, म्हणून थेट पिशवीत न पेरता गादीवाफ्यावर पेरा.

कडुलिंब, जांभूळ आणि फणस यांना यातले काहीच लावू नका. ते बी साठवणीत लवकर मरते. गर धुऊन ताजेच पेरा.