आरसी ट्रकसाठी घरीच बनवा टिकाऊ व्हीली बार

व्हीली बार म्हणजे आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकच्या मागे बसवलेल्या, टोकाला छोटी चाकं असलेल्या दांड्या; पुढचा भाग उचलला गेला तरी त्या ट्रकला मागे उलटू देत नाहीत. हा बार तुटतो तो बहुधा चाकापाशी नाही, चॅसीला (ट्रकच्या सांगाड्याला) जोडलेल्या जागी. ट्रक मागे उलटू पाहतो तेव्हा सगळा झटका त्या सांध्यावर येतो. म्हणून बार मागच्या प्लास्टिक बंपरवर कसू नका. गिअरबॉक्सच्या कवचावर किंवा थेट चॅसीवर, आणि एकमेकांपासून लांब असलेल्या किमान दोन बोल्टांवर बसवा. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं.

दांड्यांसाठी मऊ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ३ मिमीची स्प्रिंग स्टीलची तार बरी. आदळली तरी लवते आणि परत सरळ होते. वाकवताना मात्र तापवू नका, तिचा ताठपणा जातो. काटकोनात मोडण्याऐवजी जाड बोल्टभोवती गोलाई देत वळवा, कारण तीक्ष्ण कोपऱ्यातूनच पुढे तडा जातो. दोन्ही दांड्यांमध्ये एक आडवी पट्टी हवीच, नाहीतर बार पिळवटतो.

बारची चाकं बेअरिंगची, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे).

ट्रक सपाट जमिनीवर उभा असताना बारची चाकं जमिनीपासून १० ते १५ मिमी वर ठेवून सुरुवात करा. फार खाली आली तर ट्रकची मागची चाकं उचलली जाऊन पकड सुटते.