घाटात इलेक्ट्रिक दुचाकीची रेंज अशी सांभाळा

पुण्याहून पाचगणीला इलेक्ट्रिक दुचाकीवर निघालात तर किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. वाईपासून पाचगणी जेमतेम 12 किलोमीटर, पण पसरणी घाट तुम्हाला साधारण पावणेसहाशे मीटर वर नेतो. गाडी, तुम्ही, मागे बसलेलं माणूस आणि सामान मिळून 250 किलो धरलं, तर नुसतं हे वजन वर न्यायलाच सुमारे 0.4 युनिट वीज लागते. मोटरमधली घट धरून अर्धा युनिट. बॅटरी 3 युनिटची असेल तर तिचा सहावा भाग इथेच संपला! म्हणून वाईत जेवायला थांबा आणि तेवढ्या वेळात गाडी चार्जिंगला लावा. जिथे थांबणार तिथे 15 अँपिअरचा प्लग आहे का, हे आदल्या दिवशीच फोन करून विचारा. हे मी कधीच टाळत नाही.

सपाटीवर खरा शत्रू वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 45 ऐवजी 60 ने गेलात तर तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. टायरमधली हवाही निघण्यापूर्वी तपासा.

परतीचं एक सहसा कुणी सांगत नाही: पाचगणीत बॅटरी 100 टक्के भरून लगेच घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावर तयार होणारी वीज साठायला जागाच नसते, आणि रीजनचं ब्रेकिंग, म्हणजे मोटरच वीज तयार करत गाडीचा वेग कमी करते ते, कमी झाल्याने सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. 85-90 टक्क्यांवर निघा.