मृग लागल्यावरही नाटक करायचं असेल तर: आपल्या भागातल्या मंडळांसाठी तयारीची यादी

आपल्याकडं नाटक म्हणजे पाडव्यापासून मृगापर्यंत. गावची यात्रा, देवळापुढचा मांडव, मे महिन्यात रजेवर आलेली पोरं, आणि गल्लीगल्लीतून वर्गणी. आता कर्नाटक सीमाभागातल्या खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातली दोन-चार मराठी मंडळं म्हणायला लागलीत की पावसात आणि थंडीतही प्रयोग करूया, त्यासाठी निधी उभा करूया. विचार चांगला आहे. पण पावतीपुस्तक छापायच्या आधी एक काम करा. उन्हाळ्याच्या नाटकात गाव तुम्हाला काय काय फुकट देतं, ते एका कोऱ्या कागदावर लिहून काढा.

मांडव कुणाच्या तरी लग्नातला उरलेला. लाइट देवळाच्या मीटरवरून. तालमीचा चहा अध्यक्षांच्या घरचा, प्रयोगाच्या रात्रीचं जेवण महिला मंडळाचं, नेपथ्याची फळकुटं सुताराच्या अंगणातली, ट्रॅक्टर कुणाच्याही नावावर. यातलं एकही वर्गणीच्या हिशोबात दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं नाटक थोडक्यात होतं. ऑगस्टमध्ये शहरातल्या नाट्यगृहात प्रयोग लावला की ह्यातल्या प्रत्येक गोष्टीचं बिल येतं. हॉलचं भाडं, लाइट-साउंडवाला, मेकअपमन, टेम्पो, वीस माणसांचा नाश्ता. तेव्हा ‘रंगभूमीच्या विकासासाठी’ पैसे मागू नका, ह्या कागदावरच्या ओळींसाठी मागा. ‘श्रावणातल्या प्रयोगाचा टेम्पो आमच्याकडून’ असं म्हणणारा माणूस उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, सापडतो. विकासाला देणगी देणारा मात्र ‘बघू की’ म्हणतो, आणि ‘बघू की’चा अर्थ आपल्याला ठाऊक आहे.

सगळ्यात महागडी फुकट गोष्ट म्हणजे नट. मे महिन्यात नायक पुण्याहून येतो, खलनायक गोव्याहून, आणि एखादा हवालदार पलटणीतून रजा टाकून. सप्टेंबरात ह्यातलं कुणी येणार नाही. म्हणून संहिता निवडताना वर्षभर गावात राहणारी माणसं आधी मोजा: शिक्षक, दुकानदार, पतसंस्थेतले कारकून, अंगणवाडीतल्या बाई, कॉलेजची मुलं. पाच-सहा पात्रांचं, एका सेटचं नाटक घ्या. यात्रेतलं पंचवीस पात्रांचं ऐतिहासिक नाटक यात्रेतच शोभतं. संहितेचा हक्कही तपासा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडं असतो. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, त्यांची नाटकं मोकळी आहेत. अत्रे १९६९ साली गेले, तिथं २०२९ संपेपर्यंत लेखी परवानगी लागणार. पुढं चंदगड-कोल्हापूरकडं प्रयोग न्यायचा विचार असेल तर महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, संहिता वेळेत पाठवा.

मग तारखा. ह्या कामाला एक अख्खी संध्याकाळ द्या, आणि बैठकीत शेतकरी, एसटीवाला आणि शाळामास्तर असे तिघं हवेतच. जून-जुलै रोप लावणीत जातो, खानापूरच्या पश्चिमेकडं तर घराबाहेर पडवत नाही. भाद्रपद गणपतीचा. दिवाळीच्या आगंमागं भाताची सुगी, मग उसाच्या तोडी. १ नोव्हेंबरला इकडं सीमाभाग महाराष्ट्रात न गेल्याच्या निषेधाचा काळा दिवस आणि तिकडं कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव, त्या आठवड्यात मराठी फलक घेऊन परवानगीला जाण्यात शहाणपण नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की पोलीस तिकडं आणि लॉज भरलेले. मार्गशीर्ष ते माघ यल्लम्माच्या पौर्णिमा, मार्चमध्ये दहावी. हे सगळं वजा केल्यावर हातात फार थोडे रविवार राहतात आणि तेवढे पुरे आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी तीनच प्रयोग धरा: लावणी आटोपल्यावर श्रावणात एक, तुळशीच्या लग्नानंतर एक, जानेवारीत एक. दर महिन्याला प्रयोग ही घोषणा ऐकायला बरी वाटते, पण तिसऱ्या महिन्यात सेक्रेटरीच फोन उचलेनासा होतो.

जानेवारीसाठी एक सोपी वाट आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथं थंडीत साहित्य संमेलनं भरतात. मांडव असतो, माइक असतो, माणसं सकाळपासून बसलेली असतात. संयोजकांना दिवाळीतच गाठा आणि शेवटच्या सत्राची वेळ मागून घ्या. मानधन थोडकं मिळेल, पण भाडं वाचतं आणि नाटक बघायला तयार असलेली माणसं आयती मिळतात.

पाऊस म्हणजे नाटक बंद, असं धरून चालू नका. शिवमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे आपल्या कणकुंबीसारखंच पावसाचं गाव. तिथं १९४९ साली सुरू झालेली नीनासम ही नाट्यसंस्था आहे, आणि त्यांचा ‘तिरुगाट’ हा फिरता नाट्यसंच १९८५ पासून चालतो. पावसात तालमी आणि पाऊस सरला की कर्नाटकभर दौरा. बदामीजवळ बनशंकरीच्या यात्रेत तर भर पौषात कन्नड कंपन्यांचे तंबू लागतात. शेजारच्यांचं बघून घ्यायला भाषा आड येत नाही. दोन-तीन जणांनी प्रवासखर्च काढून एकदा बघून या.

तालमीची जागा मात्र आत्ताच तपासा. गावचं समाजमंदिर पत्र्याचं असतं. जोराची सर आली की दोन हातांवरच्या माणसाचं वाक्य ऐकू येत नाही. जुलैच्या पहिल्या पावसात आत जाऊन एकाला स्टेजवर वाचायला लावा आणि तुम्ही शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसा. ऐकू आलं नाही तर तिथं प्रयोग नको, तालीमसुद्धा सिमेंटच्या छताखाली न्या, शाळेचा वर्ग मागा. पत्र्याखाली थर्माकोल ठोकायचा सल्ला कुणी तरी देईलच. तो ऐकू नका, दिव्यांच्या वायरी तिथूनच जातात आणि थर्माकोल भुर्रकन पेटतो. ओल दुसरीकडंही शिरते. तबल्याची पुडी सैल पडते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, म्हणून वाद्यं पत्र्याच्या ट्रंकेत न ठेवता रोज वाजणाऱ्या घरी ठेवा. रंगवलेले पडदे घडी न करता बांबूवर गुंडाळून जमिनीपासून उंच टांगा. शालू, शेले, मिशा, टोप महिन्यातनं एकदा उन्हात, आणि ऊन नसेल तर पंख्याखाली. दिव्यांच्या बोर्डाला अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारं स्विच बसवून घ्या. निधीतला पहिला पैसा इथं गेला तरी चालेल. नवीन स्पॉटलाइट पुढच्या वर्षी.

प्रयोगाची वेळ यात्रेसारखी रात्री दहाची नको. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. सणावारासाठी सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत बारापर्यंतची सूट देऊ शकतं, पण तुमचा प्रयोग त्या दिवसांत बसायचा नाही. बंदिस्त नाट्यगृहाला ही अडचण नाही, तरी वस्तीची गाडी आहेच. दुपारी ३ ला पडदा वर, ६ ला माणसं स्टँडवर. ह्या वेळेला बायका येतात, आणि जून २०२३ पासून शक्ती योजनेत त्यांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. किणये-बेळगुंदीकडच्या बचत गटांना आधी भेटा आणि वीस-वीस जागा एका गटाच्या नावावर ठेवा. हॉलसाठी कुमार गंधर्व रंगमंदिर आणि लोकमान्य रंगमंदिर दोन्हीकडं चौकशी करा. तारीख भरायला डिपॉझिट लागतं, ते निधीच्या हिशोबात धरा. बाहेरच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवं, म्हणून छापखान्यात मजकूर देतानाच दोन्ही भाषांत द्या. ऐन वेळी चिकटपट्टी लावावी लागली की पोस्टरही विद्रूप दिसतं आणि वादही होतो.

पैशाची कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, थोडक्यात सांगतो. संस्था नोंदणीकृत असेल तर कार्यकारिणीची यादी आणि हिशोब दरवर्षी निबंधकांकडं गेलेत ना, ते बघा. नसतील गेले तर बाकी सगळं थांबवा. आयकराची सवलत हवी असलेल्या देणगीदाराकडून २००० रुपयांच्या वर रोख घेऊ नका. दुबईतल्या पोरांकडं भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांची देणगी परदेशी धरली जात नाही, पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्या काकांचे पैसे परवानगीशिवाय घ्यायचे नाहीत, मग ते कितीही आग्रह करोत. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही. आपलं तिकीट तिथवर कशाला जातंय! कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, मागायचं असेल तर आधी संस्थेचा सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो. केंद्राचं नाट्यनिर्मिती अनुदान हप्त्यांनी येतं, त्याच्या भरवशावर हॉल बुक करू नका.

आवाहनाचं पत्रक लिहिताना अण्णासाहेब किर्लोस्करांपासून सुरुवात करायचा मोह होतो, गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातलं ना. ती ओळ मागच्या पानावर टाका. पहिल्या पानावर तीन तारखा, तीन नाटकं, तिन्ही प्रयोगांचा मिळून पास आणि त्याची किंमत. समजा पास २५० रुपयांचा ठेवला आणि २०० विकले, तर ५०,००० रुपये पहिल्या प्रयोगाआधी खात्यात. स्मरणिकेच्या जाहिरातींपेक्षा ह्या पैशावर माझा भरवसा जास्त आहे, कारण पास घेतलेला माणूस प्रयोगालाही येतो. स्मरणिका काढाच, पतसंस्थांना ती हवी असते, पण जाहिरातीची पावती वेगळ्या पुस्तकात फाडा. ती देणगी नव्हे.

पावतीपुस्तक, चावी आणि हॉलचं पत्र ह्या तिन्ही गोष्टी नाटकात काम न करणाऱ्या माणसाकडं द्या. नट मंडळी शेवटच्या आठवड्यात कुणाचीच नसतात. आणि श्रावणातल्या प्रयोगाच्या दिवशी, मध्यंतरात चहाच्या टेबलाशेजारी, दुसऱ्या प्रयोगाची तारीख लिहिलेला बोर्ड आणि पासांचं पुस्तक घेऊन कुणी तरी बसलेलं असू दे.