पोरीला नाट्यगीत शिकवायचंय? आधी पट्टी बघा

परवा बेळगावच्या टिळकवाडीत एका ओळखीच्या ताईंनी विचारलं, पोरगी बारा वर्षांची आहे, गळा गोड आहे, गणपतीत नाट्यगीत म्हणायचंय, कुठनं सुरू करू? त्यांना सांगितलं तेच इथं टाकते, खानापूर निपाणीकडच्या आईबापांना पण कामाला येईल.

पहिलं म्हणजे यूट्यूबवरच्या ट्रॅकच्या पट्टीत गायचा हट्ट सोडा (पट्टी म्हणजे आपला सा किती उंचावर धरायचा ते). पेटीवर काळी चार धरा, म्हणजे सप्तकातलं चौथं काळं बटण सा म्हणून, आणि तिला नुसत्या 'आ' वर वर जाऊ द्या. वरच्या सा ला हनुवटी वर गेली, मानेची शीर ताठली तर पट्टी उतरवा, अर्धा सूर पण पुरतो. खालच्या पंचमाला, म्हणजे प ला, नुसती हवा येत असेल तर चढवा. बहुतेक पोरींची काळी चार पाचच्या आसपासच निघते, तरी बघूनच ठरवा, आणि सहा महिन्यांनी परत बघा, कारण या वयात मुलींचा पण गळा बदलतो, मुलांसारखा फुटत नाही एवढंच. मी तेरा वर्षांची असताना पेटीवाल्यांनी त्यांच्या सवयीची काळी एक धरली, मला ती फार उंच पडली, वर जाताना आवाज चिरला भर स्टेजवर, मग दोन वर्षं मी गायलेच नाही. म्हणून एवढं सांगते.

मग पद. सौभद्रातलं 'वद जाऊ कुणाला शरण' घ्या. १८८२ चं नाटक, अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पद सुभद्रेचं, पण तेव्हा गायचे भाऊराव कोल्हटकर, बायकांना कंपनीत जागाच नव्हती. पुढं गायिका हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन नाटक कंपनी काढली, बायका स्वतः उभ्या राहून गायल्या. हे पोरीला सांगा, मग ती कुणाची नक्कल करणार नाही, सुभद्रा म्हणून गाईल.

पहिले चार दिवस सूर नको, नुसतं वाचून घ्या. आपल्याकडं अडतं ते 'जाऊ' च्या ज वर. कन्नड मीडियमची पोरं तो 'जीवन' मधल्या ज सारखा टाळूला जीभ लावून म्हणतात, कन्नडमध्ये दुसरा ज नाहीच ना. जीभ दातांच्या मागं आणायला सांगा आणि जागा, जीवन, जागा, जीवन असं दहा वेळा म्हणून घ्या. हसू नका, चिडवू नका, एकदा चिडवलं की पोर तोंडच उघडत नाही.

ताना, म्हणजे भरभर सुरांच्या लडी, सगळ्यात शेवटी. ऑपेरात पण जड रोल कोवळ्या गळ्याला देत नाहीत, थांबतात, आपण मात्र बारा वर्षांच्या पोरीकडून पाच मिनिटं ताना मारून घेतो. तिला गाण्यातल्या दोनच खास वळणाच्या जागा नीट येऊ देत.

घसा बसला असेल त्या दिवशी गाणं बंद, कार्यक्रम असला तरी. आणि कार्यक्रमाच्या आधी पेटीवाल्या काकांना पट्टी कागदावर लिहून द्या, तोंडी सांगून भागत नाही.