सूचना घरापर्यंत पोहोचवताना : ग्रामीण विदर्भातील शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

ग्रामीण विदर्भातील माध्यमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाकडे तासिकांबरोबर पहिल्याच वर्षी जी कामे येतात, त्यांत ‘सूचना व उपक्रम’ हे काम बहुतेक वेळा असते. मुख्याध्यापकांनी सांगितलेला मजकूर सूचना वहीत उतरवायचा, ती वही शिपायाबरोबर वर्गावर्गांतून फिरवून वर्गशिक्षकांच्या सह्या घ्यायच्या आणि फलकावर खडूने चार ओळी लिहायच्या, एवढेच त्याचे स्वरूप वरवर दिसते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका अनुदानित शाळेत मी हे काम बरीच वर्षे सांभाळले आहे. ज्या घराला सूचना लागू आहे त्या घराला ती कागदपत्रे जमवण्याइतका अवधी हाताशी असताना कळली, तरच ती दिली गेली असे मानावे, हे माझे मत त्या वर्षांत पक्के झाले. सूचना वहीवरच्या सह्या ही शाळेची दफ्तरी सोय आहे. त्यांवरून घरी काय पोहोचले हे समजत नाही.

आपल्याकडे वर्षाची सुरुवातच उशिरा होते. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात; २०२५ मध्ये इतरत्र शाळा १६ जूनला सुरू झाल्या, तर विदर्भात २३ जूनला. परीक्षांच्या आणि अर्जांच्या तारखा मात्र साऱ्या राज्यासाठी एकच असतात, त्यामुळे आपल्या हातातले दिवस तेवढे कमी होतात. शिवाय शाळा उघडते तेव्हा पेरणीची लगबग चालू असते आणि पालक सकाळी घराबाहेर पडतात ते दिवेलागणीलाच परततात. म्हणून पहिल्या आठवड्यात दुपारी पालकसभा ठेवू नये. आम्ही ती सभा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू लागलो, कारण त्या दिवशी मजुरी बंद असते आणि बाहेरगावचे पालकही गावात येतात. उपस्थितीत पडलेला फरक कोणालाही दिसेल असा होता.

जुलै महिन्यातच वर्षाचे एक टाचण तयार करावे. त्यात प्रत्येक उपक्रमाच्या तारखेबरोबर त्याला लागणारी कागदपत्रे, ती कोठे मिळतात आणि मिळायला किती दिवस लागतात, हे लिहावे आणि मग तारखेपासून मागे मोजत सूचनेचा दिवस ठरवावा. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे उदाहरण घेतले तर हे नीट कळेल, आणि ही परीक्षा आपल्या भागातील मुलांसाठी इतकी मोलाची आहे की तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा साधारणतः डिसेंबरमध्ये घेते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेतील विद्यार्थी तिला बसू शकतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शेतमजुराच्या घरातील मुलगी बारावीपर्यंत शिकते की दहावीनंतर थांबते, हा निर्णय या रकमेवर फिरलेला मी पाहिला आहे.

या परीक्षेसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कार्यालयातून मिळतो, अर्ज महा ई-सेवा केंद्रात करावा लागतो, त्याआधी तलाठ्यांचा अहवाल हवा असतो, आणि या प्रत्येक टप्प्यावर वडिलांची एकेक मजुरी बुडते. अर्जाची मुदत जाहीर झाल्यावर सूचना दिली, तर ज्यांना शिष्यवृत्तीची सर्वांत जास्त गरज आहे तेच पालक मागे राहतात. म्हणून दाखल्याची सूचना परीक्षेच्या सूचनेची वाट न पाहता जुलै-ऑगस्टमध्येच द्यावी. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते असणे आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील नाव, आधारवरील नाव व बँकेतील नाव अक्षरशः एकसारखे असणे, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे. पोडावरील (कोलामांच्या वस्तीवरील) आणि तांड्यावरील (बंजाऱ्यांच्या वस्तीवरील) मुलांच्या बाबतीत घरचे नाव वेगळे, आधारवरचे वेगळे आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेले आडनाव तिसऱ्याच तऱ्हेचे असे वारंवार आढळते.

परीक्षेत निवड झाली म्हणजे काम संपले असे अनेक शाळा समजतात. शिष्यवृत्ती दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरल्यावरच पुढे चालू राहते; नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण व्हावे लागते आणि दहावीत ६० टक्के गुण लागतात, त्यातही अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत आहे. ही सूचना नववी-दहावीच्या मोजक्या मुलांपुरती असल्यामुळे ती परिपाठात विरून जाते. अशा मुलांची वेगळी यादी जवळ ठेवून त्यांच्या पालकांना स्वतः सांगणे, हाच खात्रीचा मार्ग आहे. दहावीनंतर मूल दुसऱ्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गेले, तर शाळा सोडल्याचा दाखला देतानाच नूतनीकरणाची आठवण लेखी द्यावी.

दहावीच्या मंडळाच्या अर्जांबाबत मी याहून थोडक्यात सांगते, कारण त्या कामात मुख्याध्यापक आणि लिपिक स्वतः लक्ष घालतात. पश्चिम विदर्भातील अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे अमरावती विभागीय मंडळाकडे येतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे नागपूर मंडळाकडे. अर्ज भरल्यानंतर जी प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणीसाठीची यादी, मिळते, ती विद्यार्थ्याने एकट्याने पाहून सही करण्यावर समाधान मानू नये. आईचे नाव, जन्मतारीख आणि विषय हे पालकांसमोर मोठ्याने वाचून दाखवावेत, कारण प्रमाणपत्र हातात पडल्यावर दुरुस्तीचा मार्ग फार किचकट होतो. विलंब शुल्काची तारीख फलकावर लिहू नये, असाही माझा आग्रह आहे. पुढची तारीख दिसली की नियमित तारखेकडे दुर्लक्ष होते आणि जादा पैसे गरिबाच्याच खिशातून जातात. मागे राहिलेल्या घरी ती तारीख शिक्षकाने स्वतः जाऊन सांगावी.

सूचना कोणत्या वाटेने जाते, याचा अभ्यास नव्या शिक्षकाने पहिल्या दोन-तीन महिन्यांत अवश्य करावा. परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष आणि बातम्या झाल्यावर मुले उन्हात उभी असताना सूचना येते, त्यामुळे तेथे एका दिवशी एकच सूचना द्यावी आणि ती एखाद्या विद्यार्थ्याकडून पुन्हा म्हणवून घ्यावी. जे मूल त्या दिवशी गैरहजर असते, त्यालाच ती सूचना बहुधा सर्वांत जास्त लागू असते. म्हणून हजेरी घेताना अनुपस्थितांच्या नावापुढे खूण करून, त्यांच्या शेजारच्या घरातील विद्यार्थ्याकडे चिठ्ठी द्यावी. व्हॉट्सॲपचे गट उपयोगी आहेत, पण घरात फोन एकच असतो, तो वडिलांबरोबर शेतात जातो, आणि रिचार्ज संपला की कित्येक दिवस बंद राहतो. आमच्या अनुभवात संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत पाठवलेला आवाजी संदेश सर्वांत जास्त ऐकला जातो. लेखी सूचनेचे छायाचित्र पाठवल्यास ज्या आईला वाचता येत नाही तिच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. तोच मजकूर साध्या वऱ्हाडीत अर्ध्या मिनिटात बोलून पाठवला, तर ती ऐकते आणि दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर प्रश्नही विचारून पाठवते.

आमच्या परिसरात कोलाम पोड आहेत, बंजारा तांडे आहेत. मेळघाटात कोरकू गावे आहेत आणि गडचिरोलीत गोंडी बोलणारी. या वस्त्यांवर मराठीतील कागद पाठवून भागत नाही. तांड्याचे नाईक आणि कारभारी, पोडावरील जाणती मंडळी, अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटावे आणि महत्त्वाची सूचना त्यांच्या भाषेत त्यांच्याच तोंडून जाईल अशी व्यवस्था करावी. वरच्या वर्गातील त्याच समाजाच्या मुली हे काम फार जबाबदारीने करतात. त्यांच्यावर ते सोपवले की शाळेत त्यांचे बोलणेही वाढते. ग्रामपंचायतीचा भोंगा किंवा कोतवालांची दवंडी ही साधने सर्वांसाठी असलेल्या सूचनेपुरतीच वापरावीत, म्हणजे पालकसभा, स्वातंत्र्यदिनाची वेळ किंवा अचानक मिळालेली सुट्टी.

काही सूचना सर्वांसमोर देऊच नयेत, या मुद्द्यावर मला विशेष भर द्यायचा आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याच्या घाईत ‘अमुक प्रवर्गाचे विद्यार्थी उभे राहा’ असे वर्गात सांगण्याची पद्धत अजूनही आढळते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला चाळीस वर्गमित्रांसमोर जातीच्या नावाने उभे करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि त्यासाठी वेळ नाही हे कारण मला कधीच पटलेले नाही. दाखल-खारीज रजिस्टरावरून यादी काढता येते आणि मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून कागद देता येतो. ज्यांची फी किंवा सहलीचे पैसे आलेले नाहीत त्यांची नावे फलकावर वा गटावर टाकणे, वडील गमावलेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या मदतीची सूचना नावासह वाचणे, हेही तितकेच टाळावे. ज्या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांची झळ पोहोचलेली घरे प्रत्येक शाळेत आहेत, तेथे ही काळजी शिक्षकाच्या मूलभूत कर्तव्यातच येते.

उपक्रमांच्या तारखा ठरवताना पीक आणि सण दोन्ही पाहावे लागतात. धानाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते, सोयाबीनची सोंगणी सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि कापसाचा पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या आसपास येतो. वेचणीच्या दिवसांत सातवी-आठवीपासूनची मुले, विशेषतः मुली, शेतात जातात. त्याच काळात चाचणी परीक्षा किंवा विज्ञान प्रदर्शनाची नोंदणी ठेवली आणि नंतर अनुपस्थितांना दोष दिला, तर तो दोष नियोजनाचा असतो. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, महालक्ष्म्या, भंडारा-गोंदियाकडील दिवाळीनंतरच्या मंडया (गावजत्रा) या दिवसांना लागून शेवटची तारीख येणार असेल, तर शाळेपुरती ती आठवडाभर अलीकडे घ्यावी.

शालेय क्रीडा स्पर्धांच्या सूचनेत मुलींच्या पालकांना हव्या असलेल्या गोष्टी बहुधा नसतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जन्मतारखेचा पुरावा, तालुक्यावरून जिल्हा आणि पुढे विभागापर्यंतचा प्रवास हे सारे आपण लिहितो. आईला मात्र बरोबर कोणत्या बाई जाणार, जेवणाचे काय आणि मुलगी किती वाजता घरी येणार, हे जाणून घ्यायचे असते. परतीची वेळ आणि सोबतच्या शिक्षिकेचे नाव सूचनेत लिहू लागल्यापासून आमच्या कबड्डीच्या संघाला मुली मिळण्याची अडचण बरीच कमी झाली. स्नेहसंमेलनही आम्ही दिवसा घेतो, कारण रात्रीच्या कार्यक्रमाला बाहेरगावच्या मुली थांबू शकत नाहीत आणि ज्यांना थांबता येत नाही त्या मग नाटकात भागच घेत नाहीत.

वेळापत्रकातील बदलाची सूचना एसटी आगारालाही द्यावी लागते, हे नव्या शिक्षकाला सहसा कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली आणि बस मात्र जुन्याच वेळेवर धावली, तर मुली भर उन्हात दोन-दोन तास थांब्यावर बसतात. मानव विकास कार्यक्रमातील, म्हणजे मुलींची शाळेसाठी मोफत ने-आण करणारी, बस असो किंवा नेहमीची फेरी असो, बदलाचे पत्र आगार व्यवस्थापकांना पुरेसे आधी द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि ती मिळाल्यावरच विद्यार्थ्यांना नवी वेळ सांगावी.

पावसाळ्यातील सुट्टीच्या बाबतीत अफवा सूचनेपेक्षा वेगाने पसरतात. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली असेल, तर तो आदेश स्वतः वाचून, त्यावरील तारीख आणि जिल्हा पाहूनच पुढे पाठवावा. मागच्या वर्षीचा आदेश नव्याने फिरताना मी पाहिला आहे. आदेश नसला तरी नाल्याला पूर असेल, तेव्हा नाल्यापलीकडील मुलांनी निघू नये, एवढे मुख्याध्यापकांच्या संमतीने पहाटेच कळवावे आणि त्या दिवशीच्या हजेरीत त्यांना सांभाळून घ्यावे. शाळा भरल्यावर पाऊस वाढला, तर मुलांना लवकर सोडण्याआधी प्रत्येक वाटेवरील पुलाची स्थिती फोनवरून विचारून घ्यावी आणि जी वाट बंद आहे तेथील मुलांना पालक येईपर्यंत शाळेतच ठेवावे. यासाठी प्रत्येक गावातील, पोडावरील आणि तांड्यावरील दोन-दोन पालकांचे क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर कायम लावलेले असावेत आणि दर जुलैमध्ये ते लावून पाहावेत, कारण उन्हाळ्यात कामासाठी बाहेर गेलेल्या अनेक कुटुंबांचे क्रमांक बदललेले असतात.